जिम सलिव्हन: पायाने मोठा की डोक्याने?

खेळवेडा:
रग्बी लीग या रग्बीच्या प्रकारातल्या जिम सलिव्हनचं नाव निघालं की सगळे त्याचे किक मारून केलेले २,८६७ गोलच मोजत बसतात. वेल्समधल्या कार्डिफचा हा पोरगा १९२१ मध्ये, अवघ्या १७ व्या वर्षी, विगन या इंग्लिश क्लबकडून व्यावसायिक झाला. त्या काळी पैसे घेऊन लीग खेळणाऱ्याला रग्बी युनियन या दुसऱ्या, तेव्हा हौशी असलेल्या प्रकाराचे दरवाजे जन्मभर बंद होत. वेल्सच्या युनियन संघावर त्याने त्याच दिवशी पाणी सोडलं. खेळाडू म्हणून तो थोरच. तरी माझं ठाम मत आहे की प्रशिक्षक सलिव्हन त्याहून मोठा.

आडवा_तिडवा:
साफ असहमत. अहो, १९२५ च्या चॅलेंज कपमध्ये, म्हणजे लीगच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, एका सामन्यात २२ गोल! १९२९ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर पहिल्यांदा या कपची फायनल झाली, तेव्हा विगनचा कप्तान तोच आणि पहिले गुणही त्याच्याच किकचे. विगनसारखा तगडा क्लब हाती असल्यावर कोणीही प्रशिक्षक जिंकेल.

खेळवेडा:
ते २२ गोल हौशी संघाविरुद्ध होते, सामना ११६-० सुटला. आणि तगड्या क्लबचं म्हणाल तर १९५० ची चॅम्पियनशिप, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, फायनल बघा. विगनचे आठ खेळाडू ब्रिटनच्या संघातून ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर. उरलेल्यांना घेऊन सलिव्हनने हडर्सफील्डला २०-२ असं लोळवलं. कोणीही प्रशिक्षक हे करेल?

आडवा_तिडवा:
एका सामन्यावरून ठरवू नका. १९५२ मध्ये तो विगनच्या कट्टर वैऱ्याकडे, सेंट हेलेन्सला गेला आणि पुढच्याच वर्षी चॅलेंज कपची फायनल हरला.

खेळवेडा:
हरला, पण त्याच मोसमात चॅम्पियनशिप जिंकली, हे का गाळता? सेंट हेलेन्स १८९७, १९१५, १९३० आणि १९५३, अशा चॅलेंज कपच्या चार फायनल हरलेला क्लब. पहिला चॅलेंज कप १९५६ मध्ये आला, हॅलिफॅक्सला १३-२ ने हरवून. १९५९ ला पुन्हा चॅम्पियनशिप.

वाटसरू:
तुम्हा दोघांची वाटणीच मला पटत नाही. १९३२ पासून तो विगनचा खेळाडू-प्रशिक्षक होता, १९४६ पर्यंत मैदानात उतरत होता. १९३४ ची चॅम्पियनशिप कोणाच्या खात्यात टाकणार?

खेळवेडा:
मुद्दा रास्त आहे. ती खुशाल खेळाडूच्या खात्यात टाका. सेंट हेलेन्सकडून मात्र त्याने एकही गोल मारलेला नाही.