नवा इन-इअर: पहिल्या बैठकीतलं मत धरायचं की सोडायचं?

मंद्र (धागाकर्ता)
नवा वायरवाला इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारा इयरफोन ऐकतोय. एकच १० मिमीचा डायनॅमिक ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज काढणारा भाग), सोबत नळीत बसणाऱ्या तीन मापांच्या सिलिकॉन टिप्स. ऐकता ऐकता टिपणं काढली, ती जशीच्या तशी देतो.

बेस खोल जातो, पण पसरत नाही. डग्ग्यावर मनगटाचा दाब सरकला की सूर जो वर चढतो, तो चढ सबंध ऐकू येतो. आधीच्या इयरफोनवर तिथे नुसता घुमारा होता. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जवारीमुळे जे वरचे स्वर उमटतात, तेही सुटे कळतात. गाणाऱ्याचा आवाज साथीच्या एक पाऊल पुढे. तक्रार एकच, पण मोठी: ‘स’ आणि ‘श’ टोचतात.

माझं म्हणणं असं की हे पहिलं मतच सगळ्यात विश्वासाचं. चार-आठ दिवसांत मेंदू कुठल्याही आवाजाला सरावतो. टोचणारा ‘स’ टोचेनासा होतो आणि आपण लिहून मोकळे होतो, ‘आता छान बसलाय’. सरावलेल्या कानाचा निवाडा दुसऱ्याच्या काय कामाचा?

षड्जपंचम
अजिबात पटलं नाही. पहिल्या बैठकीत तुम्ही ऐकता तो जुन्या आणि नव्या इयरफोनमधला फरक. जुन्यात १०० ते २०० हर्ट्झला फुगवटा असेल, तर कुठलाही नीटसा इयरफोन तुम्हाला ‘न पसरणारा’ वाटणारच. तेच टिपण बारीक बेसच्या इयरफोनवरून आलेल्या माणसाने उलटं लिहिलं असतं.

शिवाय आवाजाची पातळी. दोन्ही इयरफोनची संवेदनशीलता वेगळी, म्हणजे फोनवरचा वॉल्यूम तोच ठेवला तरी एक मोठा वाजणार. आणि मोठा वाजतो तो चांगला वाटतो, एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक असला तरी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. वॉल्यूम वाढवला की बेस आपोआप ‘खोल’ होतो. पातळी न जुळवता केलेल्या तुलनेला मी तुलना म्हणत नाही.

कानामागची_केबल
टिप्स कोणत्या मापाच्या घातल्यात, हे कुणीच विचारलं नाही! सील नीट बसलं नसेल, म्हणजे टिप आणि कान यांच्यात फट राहिली असेल, तर सगळ्यात आधी बेस गळतो. इयरफोन बोटाने हलकेच आत दाबून बघा. बेस वाढला तर टिप लहान पडतेय. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही.

टोचण्याचंही तेच. टिप आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये उरलेल्या पोकळीत एक अनुनाद तयार होतो, साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि ‘स’ची धार त्याच पट्ट्यात असते. इयरफोन जितका आत, तितका हा अनुनाद वर सरकतो. फोमच्या टिप्स वरचे स्वर थोडे शोषतात, त्याही लावून बघा. दोष ड्रायव्हरच्या माथी मारण्याआधी एवढं तरी कराच.

मंद्र
बोटाने दाबून बघितलंय, बेस बदलत नाही. मोठी टिप लावली, वॉल्यूम उतरवला, तरी ‘स’ टोचतोच. फोम नाही लावलेला, ते मान्य. आणि षड्जपंचम, फरक ऐकू येतो यात गैर काय? नवा इयरफोन घेणारा प्रत्येक जण कुठल्या तरी जुन्यावरूनच येतो. त्याला तोच फरक जाणून घ्यायचा असतो.

तिसरा_काळा
पन्नासेक तास वाजू द्या. ड्रायव्हरचा पडदा मोकळा झाला की ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, निवळतो. माझ्या प्रत्येक इयरफोनचा हाच अनुभव आहे.

षड्जपंचम
‘प्रत्येक’ इयरफोन निवळतोच कसा? पडदा खरंच बदलत असेल तर एखादा तरी बिघडायला हवा, एखाद्याचा ट्रेबल वाढायला हवा. दर वेळी सुधारणाच होत असेल, तर बदलणारी वस्तू कान आहे. तपासायचं असेल तर एकाच मॉडेलचे दोन घ्या, एक वाजवत ठेवा, दुसरा डब्यात ठेवा, आणि मग कोणता कुठला हे न बघता ओळखा.

यात एक धोकाही आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नव्याच्या भरात माणूस तासन्‌तास मोठ्याने ऐकतो. तशाने श्रवणशक्ती काही काळ बधिर होते, विशेषतः ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. ट्रेबल ‘निवळला’ असं वाटतं, आणि प्रत्यक्षात कान दमलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. ९० डेसिबलला फक्त ४ तास. टोचत असेल तर तास भरत बसू नका, काढून ठेवा.

तिसरा_काळा
मी मोठ्याने ऐकत नाही. तरीही फरक जाणवतो, आणि तो मी नाकारणार नाही.

आलेखप्रेमी
गाणाऱ्याचा आवाज ‘एक पाऊल पुढे’ का, ते सांगतो. उघड्या कानात ३ किलोहर्ट्झच्या सुमारास नैसर्गिक उठाव असतो. इन-इअर घातला की बाह्यकर्णाचा हातभार जातो आणि कानाच्या नळीचा अनुनादही बदलतो, म्हणून तो उठाव इयरफोनच्या ट्यूनिंगमध्येच घालावा लागतो. तुमच्या जुन्यात तो कमी असावा. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांच्या ऐकण्याच्या चाचण्या घेऊन जे हार्मन टार्गेट, म्हणजे बहुतेकांना आवडेल असा स्वरांचा नमुना-आलेख ठरवला, त्यातही हा उठाव ठळक आहे. इयरफोन कुठला स्वर किती मोठा वाजवतो याचा ग्राफ बघून हे न ऐकताही कळलं असतं.

मंद्र
ते टार्गेट म्हणजे अनेकांच्या आवडीची सरासरी. माझ्या कानाची नळी सरासरी लांबीची आहे का, हे ग्राफ सांगत नाही. आणि ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा ग्राफ इयरफोन मापनयंत्रात किती आत खुपसलाय यावर हलतो, म्हणजे माझी तक्रार आहे नेमकी तिथेच तो सगळ्यात कमी भरवशाचा. ‘स-श टोचतात’ हे वाक्य मी खोडणार नाही.

षड्जपंचम
खोडू नका. पण त्याच ओळीत टिपचं माप, आधीचा इयरफोन आणि वॉल्यूम लिहा. त्याशिवाय तुमचा ‘स’ आणि माझा ‘स’ एकाच इयरफोनवरचे आहेत, हेच मला कळणार नाही.

कानामागची_केबल
आणि फोम लावल्यावर काय झालं तेही.