हसून बोलणं पुरेसं आहे का?

चांगली सेवा म्हणजे हसून बोलणं आणि तक्रार लगेच सोडवणं, असं बरेचदा म्हटलं जातं. मला त्याच्या आधीची पायरी महत्त्वाची वाटते. तक्रार करायची वेळच येऊ नये.

जुलैमध्ये आईला घेऊन कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रांगेत, गेले होते. तिला कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) पसंत पडली, पैसेही काढले. दुकानदार म्हणाले, "काकू, आत्ता नगा घेऊ. रोज पावसात घालणार असला तर महिन्यात वाट लागंल. दिवाळीला या." मग त्यांनी चप्पल उलटी करून दाखवली. खिळा नाही, शिलाईसुद्धा चामड्याच्या वादीची. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, त्यामुळं पाणी लागलं की फुगतं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं हे वाचलं होतं, पण ती वापरायची कशी हे त्या दिवशी कळलं. दिवाळीत तिथूनच दोन जोड घेतले.

याउलट एका कार्यालयात बाबांना (वय ७४) अगदी गोड बोलत तीन खिडक्या फिरवलं. कोणता कागद कमी आहे हे पहिल्याच खिडकीवर सांगता आलं असतं! मला फार वाईट वाटलं. आता तिथं गेले आणि कुणी फॉर्म घेऊन गोंधळलेलं दिसलं, की आधी त्यांचे कागद बघून देते. परवा एका आजींची आधारची झेरॉक्स राहिली होती, समोरच्या दुकानातून काढून आणली.