सह्याद्रीतील भटकंतीसाठी कोणते वॉकी-टॉकी घ्यावेत?

डोंगरवाट (प्रश्न)

आमचा पुण्यातील मित्रमंडळींचा गट पावसाळा सरल्यावर राजगड-तोरणा आणि हरिश्चंद्रगड परिसरात भटकंती करतो. गट मोठा असला की आघाडीचा आणि पिछाडीचा यांच्यात बरेच अंतर पडते, आणि मोबाइलला रेंज नसल्यामुळे पुढच्यांना मागच्यांची वाट पाहत थांबण्याखेरीज काही करता येत नाही. म्हणून वॉकी-टॉकीचे तीन-चार संच घेण्याचा विचार आहे. बाजारात कोणी दहा किलोमीटरचा पल्ला सांगतो, तर कोणी पाच वॅटची शक्ती. एका मित्राचा भाऊ अमेरिकेतून लवकरच येणार असून तो तिकडून संच आणायला तयार आहे. निवड कोणत्या निकषांवर करावी, आणि अपघात झाल्यास या संचांवरून मदत मागवता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

लहरी

अमेरिकेतून संच मागवू नयेत. तिकडचे घरगुती वापराचे संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि तो पट्टा आपल्याकडे अशा वापरासाठी खुला नाही. भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात. युरोपातही याच पट्ट्यातील संच चालतात. मात्र त्या संचाला आपल्याकडील उपकरण-मान्यता, म्हणजे ईटीए, असावी लागते. ऑनलाइन विक्रेत्याने वारंवारता आणि मान्यता यांचा तपशील दिला पाहिजे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून स्पष्ट केले आहे. ज्या जाहिरातीत हा तपशील नाही, तिथून खरेदी करू नये. कळफलकावरून हवी ती वारंवारता टाकता येणारे पाच वॅटचे स्वस्त संच दिसायला आकर्षक असले, तरी ते विनापरवाना वापराच्या सवलतीत बसत नाहीत.

आता पल्ल्याविषयी. विनापरवाना संचांची शक्ती अर्ध्या वॅटपुरती मर्यादित असते, हे ऐकून पुष्कळ जण नाराज होतात. पण डोंगरात शक्तीपेक्षा अडथळा अधिक निर्णायक ठरतो. या वारंवारतेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मोकळ्या समुद्रकिनारी उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये पृथ्वीच्या वक्रतेमुळेच सुमारे दहा किलोमीटरची मर्यादा येते, आणि खोक्यावरचे मोठे आकडे एका शिखरावरून दुसऱ्या शिखराशी बोलण्याच्या आदर्श स्थितीतले असतात. शक्ती दहापट केली तरी मोकळ्या जागेत पल्ला तिपटीच्या थोडा वर जातो, आणि मध्ये बसाल्टचा कडा आला तर ती वाढीव शक्तीही फारशी कामाला येत नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याची बुधला माची समोर दिसते, तिथे अर्ध्या वॅटवर बोलणे व्हायला हवे. परंतु हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढताना घळीच्या एका वळणाआड गेलेला माणूस हाकेच्या अंतरावर असूनही संचावर ऐकू येणार नाही. त्यामुळे खोक्यावरच्या किलोमीटरच्या आकड्यावरून दोन संचांची तुलना करणे निरर्थक आहे.

पायवाट

लहरी यांच्याशी मी सहमत आहे. एक भर घालतो. ‘सहाशे चॅनल’ अशा जाहिरातीला भुलू नये. प्रत्यक्षात वाहिन्या सोळा असतात, आणि प्रत्येकीला अडतीस उपसंकेत जोडून गुणाकार केलेला असतो. उपसंकेतामुळे दुसऱ्या गटाचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही एवढेच. आपले बोलणे मात्र त्या वाहिनीवरच्या कोणालाही ऐकता येते, म्हणून त्याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. सर्व संच एकाच बनावटीचे घेतले तर संकेत जुळवण्याचा त्रास वाचतो.

बाकी निकष साधे आहेत. पावसात जाणार असाल तर आयपी६७ दर्जा पाहावा, म्हणजे संच एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. आयपी५४ म्हणजे केवळ शिंतोड्यांपासून संरक्षण. साध्या पेन्सिल सेलवरही चालणारा संच मी पसंत करतो, कारण सेल पायथ्याच्या गावातील दुकानातही मिळतात. संच पिशवीच्या तळाशी न ठेवता खांद्याच्या पट्ट्याला, अँटेना उभी राहील असा अडकवावा. आवाज ऐकताच आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी सोय बंद ठेवलेली बरी, नाहीतर धापा टाकण्याचाच आवाज सगळ्यांना ऐकावा लागतो.

डोंगरवाट

मनःपूर्वक आभार. आम्ही ४४६ च्या पट्ट्यातील मान्यताप्राप्त संचच घेऊ. परंतु संकटकाळाचा प्रश्न अजून उरतो. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढणे किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घेणे उपयुक्त ठरेल का?

खरखर

मी हॅम आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. वय बारा पूर्ण असेल तर परीक्षा देता येते आणि प्रतिबंधित, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या, श्रेणीसाठी मोर्स संकेत यावे लागत नाहीत. परवान्यानंतर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि डोंगरमाथ्यावरचे रिपीटर, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणारी केंद्रे, यांचा लाभ मिळतो. अडचण अशी की हॅमने हॅमशीच बोलायचे असते. तुमच्या गटातील एकट्याकडेच परवाना असून भागणार नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅमचा चमू छंदाच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होता. त्सुनामी आल्यावर त्यांनी तिथून आपत्कालीन संदेशवहन सुरू केले. ते शक्य झाले, कारण मुख्य भूमीवर त्यांचे ऐकणारे अनुभवी हॅम होते. तुमच्या ४४६ च्या संचावर घळीतून मदत मागितली, तर ती ऐकायला बहुधा कोणीच नसेल.

उपग्रह यंत्रांबाबत विशेष सावध राहावे. थुराया आणि इरिडियम हे उपग्रह फोन भारतात परवानगीशिवाय वापरण्यास मनाई आहे, आणि परदेशात सर्रास मिळणारी संकट-संदेश यंत्रेसुद्धा सरकारी परवानगीशिवाय बाळगल्यास कारवाई होऊ शकते. त्यामुळे गटातील संचांचाच उपयोग साखळीसारखा करावा: मोबाइलला रेंज मिळणारी डोंगराची सोंड किंवा पठार आधी हेरून ठेवावे, अपघात झाल्यास एकाने संच घेऊन तिथे जावे आणि खालच्यांकडून जखमीची स्थिती व नेमकी जागा ऐकून ११२ वर किंवा महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कळवावी. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर ११२ लागण्याची शक्यता असते. घळीतून थेट पठारावर आवाज पोहोचत नसेल, तर मधल्या वळणावर तिसरा संच उभा करावा लागेल, म्हणून तीनऐवजी चार संच घ्या.