रेशीमअळ्यांवर काळे डाग, शेडमध्ये पांढरे किडे... ही उझी माशीच का?

तुतीवाला_बीड
नमस्कार मंडळी, दोनशे अंडीपुंजांची (एका मादी पतंगाची अंडी म्हणजे एक पुंज) बॅच आहे, अळ्या पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत, पाला दणकून खातायत. पण बऱ्याच अळ्यांच्या अंगावर मोहरीएवढा काळा डाग दिसतोय आणि आज सकाळी रॅकखाली, भिंतीच्या कडेला पिवळसर पांढरे बिनपायाचे किडे वळवळत होते. शेजारचे म्हणतात बुरशी आहे, चुना मार. मागच्या बॅचला काही कोषांना गोल भोक होतं, व्यापाऱ्याने ते बाजूलाच काढले. खिडक्यांना जाळी आहे, दाराला नाही. औषध कुठलं मारू? चार-पाच दिवसांत चंद्रिकेवर (अळ्या जिच्यावर कोष विणतात ती चौकट) टाकायच्या आहेत.

चंद्रिका_जालना
भाऊ औषध अजिबात मारू नका, माशीच्या आधी तुमच्या अळ्या मरतील!! चुन्याने पण काही होणार नाही, ही उझीच आहे. घरमाशीपेक्षा जरा मोठी, करडी, पाठीवर चार काळ्या उभ्या रेघा, दुपारी खिडकीच्या जाळीवर बसलेली दिसेल. अळीच्या अंगावर एक-दोन पांढरी अंडी चिकटवते, टाचणीच्या डोक्याएवढी, दोन-तीन दिवसांत अंडं फुटतं आणि किडा कातडी फोडून आत. मग आठवडाभर आतूनच खातो, बाहेर पडला की भेग, माती, कचरा असं काहीतरी अंधारं शोधतो आणि एका दिवसात त्याचा तपकिरी प्युपा (माशी होण्याआधीची कवचातली अवस्था) होतो, 10-12 दिवसांनी त्यातून माशी. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, म्हणजे ते जे किडे रॅकखाली फिरतायत ना तीच तुमच्या पुढच्या बॅचची माशी. आजच गोळा करा आणि साबणाच्या पाण्यात टाका. भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा, आणि दाराला जाळी नाही तर खिडकीच्या जाळीचा उपयोग काय सांगा.

कृषीचा_पोरगा
वरचं सगळं बरोबर. त्या काळ्या डागाचं सांगतो, तो किडा आत गेल्याची नुसती खूण नाही, त्याची हवा घ्यायची जागा आहे. त्याची श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला असतात, तोंड आत आणि मागचं टोक त्या भोकाशी, असा तो अळीच्या अंगात राहून बाहेरची हवा घेतो. आणि अंडं फुटायच्या आत अळीने कात टाकली तर अंडं कातीबरोबर गळून जातं, अळी वाचते. पाचव्या अवस्थेत पुढे कात नाही, त्यामुळे तिथे सुटका नाही.
कर्नाटकात ही माशी 1980 च्या सुमारास बंगालकडून आली, तिकडे ती आधीपासून होती. गंमत म्हणजे हिच्याच कुळातल्या माश्या तुरी-हरभऱ्यावरच्या घाटेअळीत वाढतात, तिथे आपण त्यांना मित्रकीटक म्हणतो.

तुतीवाला_बीड
गंमत तुम्हाला वाटते हो, माझा पाला गेला 🙏 डागवाल्या अळ्या फेकून देऊ का?

चंद्रिका_जालना
सरसकट फेकू नका. ज्यांना पाचवीच्या आधी किंवा सुरुवातीला लागण झाली त्या कोष करायच्या आधीच मरतात, त्या सुस्त पडलेल्या काढून टाका. उशिरा लागण झालेल्या कोष करतात, पण किडा कोष फोडून बाहेर येतो, धागा तुटतो आणि रिलिंगला, म्हणजे कोषाचा धागा उलगडायला, तो कोष चालत नाही. तुमचे मागचे भोकाचे कोष तेच. म्हणून डागवाल्या वेगळ्या चंद्रिकेवर टाका म्हणजे चांगल्या मालात मिसळणार नाहीत, आणि खाली कागद पसरा, पडणारे किडे रोज उचलायला सोपं जातं.

रेशीमगाठ_बारामती
दाराला नुसती जाळी लावून भागत नाही, आपण पाल्याचा भारा घेऊन आत शिरतो तेव्हाच माशी मागून येते. दाराबाहेर जाळीची छोटी खोली करा, एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पाला पण झटकून आत न्या. उझीट्रॅपच्या गोळ्या मिळतात, त्या पाण्यात विरघळवून पांढऱ्या ट्रेमध्ये खिडकीपाशी आत-बाहेर ठेवायच्या, माश्या त्यात पडून मरतात.
आणि नेसोलिंक्सची पाकिटं रेशीम कार्यालयात विचारा. ती बारीक गांधीलमाशी उझीचे प्युपे शोधून त्यात स्वतःची अंडी घालते, रेशीमअळीला हात लावत नाही. पाचवीच्या शेवटी संध्याकाळी शेडमध्ये सोडा, आणि कोष काढल्यावर तीच पाकिटं उकिरड्याजवळ ठेवा, कारण शेडमधला सगळा काडीकचरा आपण तिथेच टाकतो आणि निम्मे प्युपे त्यातच असतात.