‘बिलीफ’साठी मराठी शब्द : श्रद्धा, समजूत, धारणा की मानणे?

भाषांतरकार : मानवशास्त्रावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘बिलीफ’साठी कोशात विश्वास, श्रद्धा, समजूत, मत असे सगळेच शब्द मिळतात. संपादकांना लेखभर एकच शब्द हवा आहे. कोणता घ्यावा?

शब्दवेध : एकच घेतलात तर अर्थ बिघडेल. त्या इंग्रजी शब्दात दोन गोष्टी एकत्र नांदतात : अमुक आहे असं समजणं, आणि कुणावर तरी भिस्त ठेवणं. मराठी ‘मानणे’तही हे दोन्ही अर्थ आहेत, पण वाक्यरचना ते वेगळे करते. ‘तो भुतं मानत नाही’ हा अस्तित्वाचा प्रश्न. ‘तो थोरल्या भावाला मानत नाही’ यात भाऊ आहे की नाही, याबद्दल कुणालाच शंका नाही.

म्हणून पहिल्या अर्थी ‘धारणा’, दुसऱ्या अर्थी ‘विश्वास’ किंवा ‘श्रद्धा’. ‘समजूत’ जपून वापरा. ‘लोकसमजूत’ म्हटलं की ती चुकीची आहे हे वाचक गृहीतच धरतो. मानवशास्त्रज्ञ टायलर यांनी 1871 मध्ये केलेली धर्माची किमान व्याख्या घ्या. तिथे ‘आत्मिक शक्तींवरील श्रद्धा’ असं भाषांतर फसतं. त्यांना ‘अशा शक्ती आहेत ही धारणा’ म्हणायचं आहे. ज्या पिशाच्चाला लोक घाबरतात, त्याच्यावर कुणी श्रद्धा ठेवत नाही.

रानवाटा : क्षेत्रकार्यात, म्हणजे लोकांमध्ये जाऊन माहिती गोळा करताना, हाच घोळ प्रश्नावलीत शिरतो. ‘तुमचा अमक्यावर विश्वास आहे का?’ असं विचारलं की शंकेला जागा आहे हे आपणच सुचवतो. विस्तव भाजतो यावर माझा विश्वास आहे, असं कुणी म्हणतं का? मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1956 मध्ये दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांबद्दल नेमकं हेच नोंदवलं : ‘देव आहे असं मी मानतो’ म्हणायला त्यांच्या भाषेत शब्द नाही, कारण त्याचं असणं गृहीतच आहे.

त्यापेक्षा प्रसंग विचारा : शेवटचं कोण आजारी पडलं, आधी कुणाकडे नेलं, काय केलं, का केलं. टिपणात तीन रकाने ठेवा : माणूस काय म्हणाला (त्याच्याच शब्दांत), त्यानं काय केलं, आणि आपण काय अनुमान काढलं. ‘धारणा’ हा शब्द फक्त तिसऱ्या रकान्यात यावा. पहिले दोन रकाने एकमेकांशी जुळतीलच असं नाही. मानवशास्त्रज्ञ डॅन स्पर्बर यांचं इथिओपियातल्या डोर्झे लोकांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. बिबट्या ख्रिस्ती आहे, तो उपवास पाळतो, असं ते सांगतात. उपवास बुधवारी आणि शुक्रवारी; पण त्या दिवशीही गुरांची राखण तितकीच कसून होते. केवळ मुलाखत घेणारा इथे हमखास चुकीचा निष्कर्ष लिहील.

भाषांतरकार : मग ‘दे बिलीव्ह दॅट…’ची वाक्यं कशी करू? पानोपानी आहेत.

शब्दवेध : प्रत्येक ठिकाणी ‘असा त्यांचा विश्वास आहे’ लिहिलंत तर ते लोक भाबडे वाटू लागतात. मूळ लेखकाकडे पुरावा कशाचा आहे ते बघा. ऐकलेलं असेल तर ‘असं ते सांगतात’, आचरणातलं असेल तर ‘पाळतात’, लेखकाचं अनुमान असेल तर ‘अशी त्यांची धारणा दिसते’. सलग वर्णन असेल तर परिच्छेदाच्या सुरुवातीला एकदाच ‘त्यांच्या सांगण्यानुसार’ पुरे.

रानवाटा : एक अपवाद. मानवशास्त्रज्ञ रॉडनी नीडहॅम यांनी 1972 मध्ये ‘बिलीफ’ ही सगळ्या माणसांत सारखी आढळणारी मनःस्थिती आहे का, यावरच प्रश्नचिन्ह लावलं. असा वाद जिथे येतो तिथे चर्चा त्या शब्दाचीच असते. तिथे ‘बिलीफ’ देवनागरीत तसाच ठेवा. संपादकांसाठी पहिल्या उल्लेखाला तळटीप द्या : कोणत्या अर्थी कोणता मराठी शब्द घेतला आहे ते तिथे सांगितलं की त्यांना हवी ती एकवाक्यता अर्थापुरती राहते.