दिवसभर पाठीवर वागवायला छोटा, हलका लॅपटॉप: कुठला घ्यावा?

भटकी_लेखणी
नमस्कार. मी लोकांच्या मुलाखती घेते, रेकॉर्ड करते आणि जमेल तिथे बसून लगेच उतरवून काढते. देवनागरी टायपिंग, ऑडिओ ऐकणं आणि थोडंफार एडिटिंग, एवढंच काम. सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची, दोन किलोंच्या वर, शिवाय जाडजूड चार्जर. संध्याकाळी खांदा नुसता ठणकतो. दुसरा त्रास पंख्याचा. बोलणारा माणूस मध्येच गप्प होतो तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर येते, आणि नेमक्या त्या शांततेलाच माझ्या कामात मोल असतं.
१० इंची टॅबलेटला कीबोर्ड जोडू, १३ इंची मॅकबुक एअर घेऊ, की १४ इंची विंडोज? पाच-सहा वर्षं चालायला हवा.

रानवाट
ताई, बसायला टेबल हमखास मिळणार असेल तरच टॅबलेटचा विचार करा. मी वापरते. मागचा स्टँड मांडीवर धड उभा राहत नाही आणि कीबोर्ड लवतो. जाहिरातीतलं वजनही बहुतेक वेळा बिनकीबोर्डाचं असतं.

पानापकड
लॅपटॉप उघडून दुरुस्त करणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हलका लॅपटॉप म्हणजे त्यातून काहीतरी काढलेलं असतं. काय काढलंय ते शोधा आणि त्यावाचून तुमचं चालेल का ते बघा. निवड तिथेच होते.

पहिली कात्री बॅटरीला लागते. एकच मॉडेल लहान आणि मोठ्या अशा दोन बॅटऱ्यांत मिळतं आणि जाहिरातीत वजन छापतात ते लहानीचं. ‘१५ तास चालते’ या वाक्याकडे बघूच नका, वॉट-तास बघा, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते ते. तुमच्यासारख्या कामाला सरासरी ६ वॉट धरले तर ५० वॉट-तासांत आठेक तास निघतात. ३८ मध्ये सहाच.

दुसरी कात्री रॅमला, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायच्या मेमरीला. पातळ मशीनमध्ये ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत तर प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये, १६ किंवा ३२ जीबी. नंतर वाढवून द्या म्हणून लोक येतात आणि मला हात हलवत परत पाठवावं लागतं, फार वाईट वाटतं. पाच-सहा वर्षं म्हणताय तर १६ च्या खाली जाऊ नका. फायली साठवणारी एसएसडी बहुतेक विंडोज मशीनमध्ये बदलता येते, मॅकबुक एअरमध्ये तीही पक्की.

तिसरी, सांगाडा. दुकानात मशीन पुढच्या एका कोपऱ्याला धरून उचला. अंग पिळवटून टचपॅड आपोआप क्लिक झालं तर ते खाली ठेवा. मग झाकण हळू उघडा आणि बिजागरीपाशी कडा फाकतात का बघा. स्वस्त मशीनमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांत बसतात. बिजागरी घट्ट झाली की उघडझाप करताना ते नट प्लास्टिकसकट उपटून येतात. दिवसातून अनेकदा झाकण उघडणाऱ्यांची मशीन्स माझ्याकडे याच दुखण्याने येतात.

आता कीबोर्ड. तुम्ही इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची सरकारी प्रमाण कळरचना, वापरत असाल तर उजवी कड नीट तपासा. लहान मशीनमध्ये जागा वाचवायला तिथल्याच कळा अरुंद करतात, आणि आपले च, ट, ड नेमके तिथे आहेत. दुकानात ‘चटचट’, ‘डोंगर’ असलं काहीतरी वेगात टाइप करून बघा.

स्क्रीनचं म्हणाल तर १३.३ इंची १६:९ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) पडद्याची उंची साधारण १६.६ सेंटीमीटर, १४ इंची १६:१० ची १८.८. रुंदी मात्र एक सेंटीमीटरसुद्धा वाढत नाही. उतारा करताना वरखाली करणं कमी होतं, म्हणून १४ इंचीला घाबरू नका. उघड्यावर बसणार असाल तर ४०० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) आणि न चकाकणारा मॅट पडदा बघा.

तुमच्या जागी मी असतो तर पंख्यामुळे १३ इंची मॅकबुक एअरच घेतला असता. २०२० च्या एम१ चिपवाल्या मॉडेलपासून त्यात पंखाच नाही. एम२ पासून वजन साधारण १.२४ किलो, बॅटरी मॉडेलप्रमाणे ५२ ते ५४ वॉट-तास. टाइप-सी पोर्ट दोनच आणि दोन्ही डाव्या बाजूला. रेकॉर्डर आणि पेन ड्राइव्हला जुना यूएसबी लागत असेल तर छोटा अडॅप्टर पिशवीत हवाच. विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर सोडता येत नसेल तर १४ इंची, १६:१०, १.३ किलोच्या आत, आणि पंख्याचा ‘शांत’ मोड स्वतःच्या कानाने ऐकून.

भटकी_लेखणी
दादा, मनापासून आभार. मी इनस्क्रिप्टच वापरते, उजव्या कळांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. सॉफ्टवेअरची अडचण नाही. दिवसभर वीज नसेल तर पॉवर बँक चालेल का?

पानापकड
चालेल, पण टाइप-सी पीडी (जास्त वॉटने चार्ज करायची पद्धत) असलेली आणि निदान ४५ वॉट देणारी घ्या. मोबाइलची १०-१५ वॉटवाली पुरत नाही. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-तास, त्यातले काही रूपांतरात जातात, तरी लॅपटॉप एकदा पूर्ण भरतो. विमानात १०० वॉट-तासांपर्यंत चालते, पण हातातल्या सामानात ठेवायची. मात्र अशी पॉवर बँक ४०० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणून ज्या दिवशी वीज मिळणार असेल त्या दिवशी ती घरीच राहू द्या आणि ६५ वॉटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, म्हणून आकाराने लहान) चार्जर न्या. फोनही त्यावरच होतो.