‘कार्त द विझित’ म्हणजे भेटकार्ड नव्हे

प्रश्न : व्हिक्टोरियन काळातल्या नट-नट्यांच्या संग्राह्य फोटोंवरचा लेख मराठीत आणतोय. ‘कार्त द विझित’ला ‘भेटकार्ड’ चालेल का? आणि ‘कॅबिनेट कार्ड’चं काय करू?

उत्तर : ‘भेटकार्ड’ नकोच. वाचकाला दिवाळीचं शुभेच्छापत्र आठवेल. शब्दशः अर्थ भेटीला गेल्यावर द्यायचं कार्ड हाच, पण १८६०नंतर हे नाव मापापुरतं उरलं. पॅरिसचा फोटोग्राफर दिस्देरी याने १८५४ साली पेटंट घेतलं ते एकाच काचेवर (निगेटिव्हवर) अनेक छबी घेण्याचं. कागदावर छापायच्या, कापून सुट्या करायच्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. पुठ्ठा साधारण ६४ × १०० मि.मी., फोटो त्याहून जरा लहान. लंडनमध्ये फोटोग्राफर कामिय सिल्व्हीने १८६१ साली गायिका अदेलिना पात्तीचे भूमिकेच्या वेषातले फोटो काढले, ते याच मापाचे. पहिल्यांदा ‘व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचा फोटो’ असा खुलासा करा, पुढे नुसतं ‘विझित’ पुरे.

कॅबिनेटचा मंत्रिमंडळाशी संबंध नाही (असं भाषांतर खरंच वाचलंय!). १८६६च्या सुमारास लंडनमध्ये आलेलं हे मोठं माप, पुठ्ठा १०८ × १६५ मि.मी. वेषावरची लेस, हातातला पंखा स्पष्ट दिसतो, म्हणून नाटकवाल्यांच्या फोटोंत पुढे हेच चाललं. ‘कॅबिनेट कार्ड’ तसंच ठेवा.

भर : हे फोटो ज्या कागदावर छापत त्या ‘अल्ब्युमेन’ला ‘बलकाचा कागद’ करू नका. बलक म्हटलं की बहुतेकांना पिवळाच आठवतो. इथे अंड्यातला पांढरा भाग लागतो. तो मीठ घालून फेटायचा, निवळला की कागदावर चढवायचा, वाळल्यावर वर सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे उजेडाने काळं पडणारं रसायन. हा कागद इतका पातळ की नुसता ठेवला तर सुरळी होते, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवत. तेव्हा ‘पुठ्ठा’ हा शब्द वर्णनात हवाच. चेहऱ्याचा उजळ भाग पिवळा पडतो तो मुख्यतः या अंड्याच्या थरामुळे. ओल्या फडक्याने पुसायला गेलात तर थर फुगून तडकतो, आणि पिवळेपणा जातच नाही.

भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरची छपाई. तिला ‘फोटो’ न म्हणता ‘छापील चित्र’ म्हणा.

आणखी एक : ‘स्वाक्षरीसह’ लिहिताना सांभाळा. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर नेपोलियन सारोनी याच्या कॅबिनेट कार्डांवर खाली ‘सारोनी’ असं झोकदार, बऱ्याचदा लाल अक्षरात असतं. ती स्टुडिओची छापील खूण, नटीची सही नव्हे. विक्रेते बिनदिक्कत ‘सहीचा फोटो’ म्हणून किंमत वाढवतात.

‘सारोनीने काढलेला’ हेही तपासून लिहा. तो माणसाला उभं कसं करायचं, पडदा कुठला, उजेड कुठून हे ठरवायचा. कॅमेरा बहुधा मदतनीस चालवायचा. तरी त्याच्या ऑस्कर वाइल्डच्या फोटोवरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ साली कर्ता तोच मानला. म्हणून ‘सारोनीचा फोटो’ म्हणा. ‘काढला’ हे क्रियापद टाळलेलं बरं.

प्रश्न : मग साल कशावरून लिहू? कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या स्टुडिओच्या पत्त्यावरून?

उत्तर : पत्त्यावरून पुठ्ठ्याचा काळ कळतो, छबीचा नाही. मागणी असलेल्या नटीच्या जुन्या काचेवरून वर्षानुवर्षं फोटो छापत आणि नव्या पुठ्ठ्यावर चिकटवत. चौकोनी कोपऱ्यांचा पातळ पुठ्ठा सहसा १८६०च्या दशकातला, गोल कोपरे आणि जाड पुठ्ठा नंतरचा. वेष कोणत्या नाटकातला हे ओळखलंत आणि प्रयोगाचं साल मिळालं, तर दोन सालं वेगवेगळी द्या : ‘छबी अमुक, पुठ्ठा तमुक’.